"बाई, मग येशूचे पाय कोणी धुतले?"

प्रति,
मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, कार्यकारिणीचे सभासद आणि ज्यांच्या हाती मंडळीची कुठलीही जबाबदारी आहे अशा सर्व बंधुभगिनींना,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवते. २२ वर्षं झाली. एवढ्या काळात तीन मंडळ्यांत (चर्चमध्ये) वावरले, आणि पुढे जे लिहिते आहे ते थोड्याफार फरकाने तिन्हीकडे पाहिलं आहे. त्यामुळे हे पत्र कोणावर लिहिलंय म्हणून नाव शोधत बसू नये. ज्याला लागू पडेल त्याने ते आपलं समजून वाचावं. मीही तसंच वाचते आहे.

गेल्या महिन्यात वर्गात योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातली गोष्ट घेतली होती. येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. पेत्राचं आधी "नाही, कधीच नाही" आणि लगेच "मग हातही, डोकंही" हे तर मुलं करूनच दाखवतात. गोष्ट संपली, प्रार्थनेला डोळे मिटायचे, तेवढ्यात नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, मग येशूचे पाय कोणी धुतले?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला. मग आधीचा, मग लूक, मग मार्क. आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात होता.

पाणी होतं, गंगाळ होतं, रुमाल होता. खोलीत धडधाकट बारा माणसं होती. वाटेच्या धुळीने भरलेले पाय धुणं हे त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचं काम. ते आपलं आहे असं बारांपैकी एकालाही वाटलं नाही. लूक तर लिहितो की त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून त्यांची वादावादी झाली (लूक २२:२४). गुरूने सगळ्यांचे पाय धुतले, पुसले, वस्त्रं घालून पुन्हा जागेवर बसला. त्याच्या हातचं गंगाळ कोणी घेतलं, "प्रभू, आता आपले पाय" असं कोणी म्हटलं, असा एक शब्द तिथे नाही. त्या दिवसांत त्याच्या पायांकडे लक्ष गेलं ते एका बाईचं. वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी बेथानीत मरीयेने मोलाचं सुगंधी तेल त्याच्या पायांना लावलं आणि आपल्या केसांनी ते पाय पुसले. त्याबद्दल तिला बारांपैकी यहूदाची बोलणी खावी लागली.

मार्काच्या शुभवर्तमानात शोधलं तर आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिने मला हे पत्र लिहायला बसवलं. 'सेवा करणे' या अर्थाचं मूळ ग्रीक क्रियापद, दियाकोनेओ, मार्क अगदी मोजक्या ठिकाणी वापरतो. अरण्यात देवदूत येशूची सेवा करतात (१:१३). शिमोन पेत्राच्या सासूचा ताप उतरतो आणि ती उठून त्यांची सेवा करू लागते (१:३१). मग दहाव्या अध्यायातलं ते वचन, मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला (१०:४५). आणि शेवटी वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रिया, ज्या गालीलात असल्यापासून त्याची सेवा करत आल्या होत्या (१५:४१). बस्स, एवढंच. देवदूत, एक सासू, स्वतः प्रभू आणि काही स्त्रिया. बारा प्रेषितांपैकी एकासाठीही मार्काने हे क्रियापद वापरलेलं नाही. त्यांच्यातल्या दोघांनी येशूशेजारच्या मानाच्या जागा मागितल्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, याची मात्र नोंद आहे.

आदरणीय बंधुभगिनींनो, आपल्याकडे 'सेवक' ही पदवी झाली आहे. सेवक आले, सेवकांना पुढची खुर्ची द्या, सेवकांचा सत्कार करू या. 'सेवा' म्हणजे संदेश देणं. 'अमुक सेवेत आहेत' म्हणजे त्यांच्या हाती माइक आहे. उपासनेनंतर मागे राहून खुर्च्या रचणाऱ्या मुलाला आपण "चांगला आहे हो" म्हणतो, पण सेवक म्हणत नाही. ज्या शब्दाने प्रभूने मोठेपण मोडलं, त्याच शब्दाचं आपण मोठेपण केलं.

हे आजचंच आहे असंही नाही. लॅटिनमधला 'मिनिस्टर' हा शब्द 'कमी, लहान' या अर्थाच्या मुळापासून आला. घरातला हाताखालचा माणूस तो मिनिस्टर. आज तो शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे हाताखालचा माणूस येतो? पोप पहिला ग्रेगरी (५९० ते ६०४) स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेत असे आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं असं मी मानते. पण पुढे शतकानुशतकं तेच शब्द अधिकृत पत्रांवर मानाचं बिरूद म्हणून मिरवत राहिले. सेवेची भाषा इतक्या सहज सिंहासनावर जाऊन बसते की बोलणाऱ्यालाही कळत नाही.

पदवीचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा दोन पदव्या त्यांना तरुण वयातच मिळाल्या होत्या. त्या विद्वत्तेचं त्यांनी काय केलं? आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं भाषांतर करण्यात घातली, आणि तेही साध्या मराठीत, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये निघालं. ते छापण्याच्या कामाला त्यांच्या आश्रयाला आलेल्या स्त्रियांचेच हात होते. विद्वान बाईने आपलं ज्ञान खाली आणलं आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्या हाती काम दिलं. मला यात योहानाचा तेरावा अध्याय दिसतो.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. एका वर्षी मी मदतीला होते. बारा जण आधीच ठरलेले, बहुतेक कार्यकारिणीतले. सगळे पाय घरून घासूनपुसून आणलेले, मोजेसुद्धा नवे. प्रत्येक पायावर ओंजळभर पाणी, मग पांढरा टॉवेल, मग फोटो. विधी छान झाला, गाणीही सुरेख झाली. तो संपल्यावर गंगाळ ठेवायला मी मागे मोरीत गेले. तिथे साफसफाई करणाऱ्या बाई उभ्या राहून ते बारा टॉवेल पिळत होत्या. चपला बाजूला काढलेल्या. टाचांना खोल भेगा, एका भेगेवर चिकटवलेली पट्टी भिजून अर्धी सुटलेली. मी त्यांच्याबरोबर टॉवेल पिळायला लागले. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा ना पुढे, कपडे भिजतील तुमचे." त्या बारांमध्ये त्यांना बसवावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. यादी करताना मी तिथेच होते, आणि हा दोष माझाही आहे.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. माझे वडील शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होते. मंडळीतून भेटायला पुष्कळ जण आले, आणि मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. एक पुढारी आले ते दारातच उभे राहिले, प्रार्थना केली, मध्येच फोन वाजला, तो घेत घेतच गेले. माझा त्यांच्यावर राग नाही, त्या दिवशी त्यांना आणखी चार घरं करायची असतील. पण मंडळीत एक निवृत्त गृहस्थ होते. ते कुठल्याच समितीत नव्हते आणि मी त्यांना कधी व्यासपीठावर पाहिलं नाही. ते दर मंगळवारी यायचे. खिशातून चष्मा आणि नखं कापायचं यंत्र काढायचे, बाबांच्या पायाखाली वर्तमानपत्र पसरायचे आणि एकेक नख सावकाश कापायचे. म्हाताऱ्या पायांची नखं जाड होतात, आत वळतात, चुकून मांसाला लागलं तर जखम भरत नाही. म्हणून आधी कोमट पाण्याचं फडकं ठेवून नखं मऊ करायची हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक मंगळवारी नखं कापण्याइतकी वाढलेली असतच असं नाही. मग ते नुसते तळवे चोळायचे आणि बाबा डोळे मिटून पडून राहायचे. जाताना वर्तमानपत्राची पुडी करून स्वतः टाकून द्यायचे. आठ महिन्यांत त्यांनी आम्हाला एकही उपदेश केला नाही. बाबांच्या अंत्यविधीला ते शेवटच्या रांगेत होते.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीला दाखवावा असा सेवक मी आयुष्यात पाहिला असेल, तर तो हा.

आता ज्यांना यातून "सगळ्यांनी नम्र व्हावं" असा संदेश द्यावासा वाटेल, त्यांना थोडं थांबायला सांगते. येशूने हे शब्द कोणाला सांगितले ते पाहा. विधवेला नाही, रोग्याला नाही, शिमोनाच्या सासूला नाही. पुढे ज्यांच्या हाती अधिकार येणार होता अशा बारा जणांना बाजूला बोलावून सांगितलं: परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर धनीपण करतात, पण तुमच्यामध्ये तसे नसावे. आपण मात्र हे वचन उलट्या दिशेने चालवतो. स्वयंपाकघरात आधीच राबणाऱ्या बहिणींना, मांडव घालणाऱ्या तरुणांना, पगार थकलेल्या माणसाला आपण सेवकपण शिकवतो. कोणी हिशेब विचारला की त्याला "सेवकवृत्ती नाही" म्हणतो. जो आधीच वाकलेला आहे त्याला वाकायला सांगणं ही येशूची शिकवण नव्हे. तो वरून खाली आला. खालच्यांना आणखी खाली ढकलायला तो आला नव्हता. ज्या कोणी सेवेच्या नावाखाली अपमान, मारझोड किंवा त्याहून वाईट सोसलं आहे, त्यांना गप्प करण्यासाठी कृपा करून हे वचन वापरू नका.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. मंडळीच्या सभासदांनो, पाळकांना 'सेवक' म्हणायचं आणि मग घरगड्यासारखं वागवायचं हेही मी पाहिलं आहे. रात्री बाराला फोन, सुटी घेतली तर कुजबुज, त्यांच्या मुलांच्या कपड्यांवर टीका. येशू सर्वांचा सेवक होता, पण सर्वांच्या मागणीचा गुलाम नव्हता. मार्काच्या पहिल्याच अध्यायात तो पहाटे एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात, म्हणतात सगळे आपल्याला शोधत आहेत, आणि तो म्हणतो, चला, दुसऱ्या गावी जाऊ. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं की तू झिजून जाशील आणि हे लोकही. कामं वाटून दे (निर्गम १८). जो पाळक सगळं स्वतःच करतो त्याला आपण त्यागी म्हणतो. पण काही वेळा त्याला दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही, एवढंच त्यामागे असतं.

योहान गंगाळाच्या आधी एक ओळ लिहितो, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला (१३:३). मोठेपण हरवेल अशी भीतीच नसलेला माणूस रुमाल बांधू शकतो. ज्याला आपली जागा कोणीतरी घेईल अशी धास्ती आहे, त्याला खाली बसणं जमत नाही. म्हणूनच योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस, ज्याला पहिलं स्थान आवडायचं, तो आलेल्या बांधवांना घरात घेत नाही, घेऊ पाहणाऱ्यांना मना करतो आणि मंडळीबाहेर घालवतो. तो दुष्ट असेल, पण मला तो घाबरलेलाही वाटतो. अशी घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

मग करायचं काय? पहिल्या मंडळीकडे पाहू या. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि म्हणाले, तुम्हीच सात जण निवडा. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचं काम गेलं. आणि त्या उताऱ्यात पंगतीची सेवा आणि वचनाची सेवा या दोहोंसाठी मूळ शब्द एकाच घराण्यातला आहे. वाढण्याचं काम हलकं आणि उपदेशाचं भारी असा भेद त्या शब्दात नाही. प्रेषित पौल किंख्रियातल्या मंडळीतल्या फिबी या बहिणीसाठी त्याच घराण्यातला शब्द वापरतो आणि स्वतःसाठीही.

म्हणून माझी पहिली विनंती तक्रारीविषयी आहे. कार्यकारिणीत एक तरी जागा अशा व्यक्तीला द्या जिचं म्हणणं आजवर बैठकीबाहेर राहिलं आहे. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठाच्या नियमात महत्त्वाच्या बाबतीत सगळ्यांना बोलावून विचारायला सांगितलं आहे, कारण देव पुष्कळदा धाकट्याला चांगलं सुचवतो. त्याच नियमात बांधवांनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात काम करायचं आणि पाळी बदलताना सर्वांचे पाय धुवायचे असंही आहे. तिथे रुमालाला वर्षातून एक दिवस नेमून दिलेला नव्हता.

पैशाविषयी थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. नहेम्याने १२ वर्षं अधिपतीच्या हक्काचं अन्न घेतलं नाही, तो स्वतः यरुशलेमच्या भिंतीच्या कामाला लागला आणि जमीन विकत घेतली नाही (नहेम्या ५). पौलाने यरुशलेमसाठीची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर ठेवला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). हिशेब वाचून दाखवणं हीसुद्धा सेवा आहे. दर तीन महिन्यांनी करा.

आणि रविवारच्या बाहेरचं. आपल्यातले कितीतरी वडील, पंच आणि शिक्षक कामाच्या जागी कोणाचे तरी साहेब असतात. 'सेवक-नेतृत्व' हा शब्द आता व्यवस्थापनाच्या वर्गांतही शिकवतात. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी १९७० मध्ये एका निबंधातून तो पुढे आणला. त्यांची कसोटी मला आवडते: ज्यांची सेवा होते ती माणसं वाढतात का, अधिक मोकळी होतात का, स्वतः सेवा करू लागतात का? येशूचा मार्ग याच्याही पुढे, वधस्तंभापर्यंत जातो. पण निदान एवढी कसोटी तरी लावून पाहू या. तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्यासमोर चूक कबूल करू शकतो का? काम चांगलं झालं तर नाव त्याचं घेतलं जातं का? घरी जो 'मस्तक' म्हणवून घेतो, त्याला इफिसकरांच्या पत्राने एकच काम दिलं आहे, ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला देऊन टाकणं. आजारी पत्नीशेजारी रात्र कोण जागतं, म्हाताऱ्या आईचं अंथरूण कोण बदलतं, हे घरातल्या मुलांना विचारलं तर ती बरोबर सांगतात. संदेश तयार करताना मी स्वतःला हे विचारते, आणि बऱ्याचदा माझं उत्तर मला आवडत नाही.

शेवटची विनंती छोटी आहे. येत्या वर्षी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांची यादी करू नका. जे कधी पुढे बसले नाहीत त्यांना विचारा. साफसफाई करणाऱ्या बाईंना विचारा, आणि त्या "नको" म्हणाल्या तर आग्रह करू नका. मग विधी झाल्यावर ते टॉवेल तुम्ही पिळा. मोरी मागे आहे, दोन माणसं सहज उभी राहतात.

मी त्या मुलीला पुढच्या रविवारी खरं तेच सांगितलं, की त्या रात्री येशूचे पाय कोणी धुतले असं शास्त्रात लिहिलेलं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग आपण धुऊ या का?" मी वर्गाला कबूल केलं आहे की त्या संध्याकाळी सगळ्यांना घेऊन येईन. आम्ही पहिल्या रांगेत बसू, मुलांना तिथून नीट दिसतं.

प्रभूमध्ये आपली बहीण,
शब्बाथशाळेची एक शिक्षिका